आक्का, तुमची गल्ल्यावरची चिनी

आक्का, दहाव्याला कावळा पहिल्या झटक्यात शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरकली न्हाईत तवर एक आला, त्याच्यामागं दुसरा आला, आन् घाटावरची सगळी मंडळी मोकळी झाली. "काय इच्छा राहिली न्हाई बाईची, सोन्यासारखा जीव गेला," असं म्हणत जो तो चपला हुडकायला लागला. मी तिथंच उभी. मला एवढा राग आला की वाटलं त्या कावळ्याला दगड हाणावा. इच्छा राहिली न्हाई म्हणं! तुमची एक इच्छा मला तोंडपाठ हाय. दोन वर्षं तुम्ही ती मला रोज सांगत व्हता आन् मी रोज उडवून लावत व्हते. कावळ्याला काय कळतंय त्यातलं.

माणसं भेटायला येतात आन् काहीबाही बोलतात. लांबची ती एक आत्या, पानाची पिशवी घेऊन बसती ती, मला म्हणली, "या वयात चिनी शिकायचं खूळ घेतलं बाईनं. डोस्क्यावर ताण आला, दुसरं काय!" मी म्हणलं, "आत्या, तुम्ही उभ्या जन्मात काय शिकला न्हाईत, तरी तुम्हाला बीपी हायच की." त्यानंतर दोन दिवस माझ्याशेजारी कुणी बसलं न्हाई. बरंच झालं. मला तुमच्याशी बोलायचं व्हतं, आन् ते मी आत्ता बोलणार हाय. तुम्हाला आवडो न आवडो, मधी तोंड घालता यायचं न्हाई.

तुम्ही माझ्या थोरल्या जाऊबाई. तुम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीतनं आलेल्या, मॅट्रिक झालेल्या, हिंदी फाडफाड बोलणाऱ्या. मी घोड नदीकाठच्या इनामगावातली, आठवीतनं शाळा सोडलेली. तुमचे मालक माझे भासरे. घरात लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणतात. मी पण म्हणायचे, पण त्यांच्या पाठीमागं. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं न्हाई, ही आपल्या घरची रीत. माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षांत मी दादांशी एक शब्द बोलले न्हाई आन् ते माझ्याशी बोलले न्हाईत. जे काय बोलायचं ते तुमच्या तोंडून. "आक्का, दादांना सांगा, मीठ संपलंय." दादा दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं, तरी तुम्ही मान वळवून परत सांगायचात, "मीठ संपलंय म्हणतीय सुमन."

आन् सांगताना तुम्ही पदरचं घालायचात, हे काय मला कळत न्हवतं व्हय? पहिल्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न निघालं. मी घाबरत घाबरत म्हणलं, दोन दिवस जाऊ देतील का, तेवढं विचारा. तुम्ही दारातनंच दादांना म्हणलात, "सुमन आठ दिवस माहेरी जाणार हाय. आन् आणायला जीप पाठवा, येताना ती एसटीनं यायची न्हाई म्हणती." मी दाराआड उभी राहून ऐकत व्हते. जीप आली की वो! अख्ख्या इनामगावानं बघितलं. पुढं ती चीनची लिन आली, तिनं तुम्हाला सांगितलं, दुभाषी म्हंजी मधी उभं राहून दोघांचं बोलणं पोचवणारं माणूस. तवा मला हसू आलं. ते काम तुम्ही वीस वर्षं करत व्हता, फुकट, आन् वर फोडणी घालून.

आपली खानावळ माळावर, कारखान्यांच्या रस्त्याला. पत्र्याचं शेड, आठ टेबलं. मागं चुलीपाशी आपण दोघी आन् पुढं गल्ल्यावर, पैशाच्या ड्रॉवरमागच्या खुर्चीवर, दादा. गल्ल्यावर बाई बसत न्हाई, हे कुठं लिहिलेलं न्हवतं, पण ते सगळ्यांना पाठ व्हतं. खानावळच कशाला, तळेगावच्या बाजारात आपण बांगड्या भरल्या तरी पैसे द्यायला मागं दादा न्हाईतर आमचे हे उभे. दिवसाला दीडशे माणसाचा स्वैपाक उरकणाऱ्या बायका आपण. पन्नाशी ओलांडली तरी तुम्ही कुठल्या दुकानात "किती झाले?" असं विचारून आपल्या हातानं पैसे दिले न्हवते.

मग रस्त्यापलीकडं नवा प्लँट उभा राहायला लागला आन् मशिनी बसवायला चीनची दहा-अकरा माणसं आली. चायनीज म्हंजी आपल्याला गाडीवरचं मंचुरियन तेवढं ठाऊक. ते त्यांना दाखवलं तर ती माणसं आपल्याकडंच बघायला लागली, की हे काय हाय? भाताबरोबर टोमॅटो घालून परतलेली अंडी दिली की खूश. वैशाखात, पत्रा तापलेला असताना, गरम पाणी मागून प्यायची. टक्कलवाले वांग साहेब त्यांचे मुख्य, आन् लिन ही त्यांची दुभाषी, तिशीतली, चष्मेवाली, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलणारी.

पैसे द्यायची वेळ आली की गोंधळ. ती माणसं आपल्या स्कॅनच्या पाटीपुढं मोबाइल धरायची आन् म्हणायची, "साव मा? साव मा?" म्हंजी स्कॅन करू का. त्यांच्याकडं सगळा कारभार मोबाइलवर, पण त्यांचा मोबाइल आपल्या पाटीला ओळख देईना. मग दादा कॅल्क्युलेटरवर आकडा दाबायचे आन् त्यांच्या नाकापुढं धरायचे. बोलणं न्हाई, हसणं न्हाई. तुम्हाला ते बघवेना. "जेवून उठलेल्या माणसापुढं असं कॅल्क्युलेटर धरतात व्हय? दोन शब्द नकोत बोलायला?" दादा म्हणले, "पैसे मिळाल्याशी कारण. शब्द काय चाटायचेत?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही लिनला धरलंत. स्वैपाकघराच्या दारात पालथ्या क्रेटवर बसवलंत, हातात लसूण दिलात सोलायला, आन् म्हणलात, एक शब्द सांग, एक भाकरी खा. तिला ठेचा भलता आवडायचा. नाकातोंडातनं पाणी काढत काढत ती तुम्हाला शिकवायची. शिरूरच्या स्टँडवरनं शंभर पानी वही आणलीत तुम्ही. "तुओ शाव छ्येन, किती पैसे. माय तान, बिल करा. श्येन चिन, रोख. चाव छ्येन, सुट्टे परत देणे." आन् एका पानावर, "थाय क्वेय ल, लई महाग हाय. हे आपण म्हणायचं न्हाई, त्यांनी म्हणलं की ओळखायचं आन् न कळल्यासारखं करायचं." शब्दांवर रेघा. आवाज चढला की रेघ वर, उतरला की खाली. लिन म्हणली, एकच शब्द चार तऱ्हेनं म्हणला की चार अर्थ. तुम्ही म्हणलात, "त्यात काय अवघड? 'काय' म्हणायच्या आमच्यात धा तऱ्हा हायेत. सासूला निराळं, सुनंला निराळं."

मला म्हणलात, चपात्या आता चिनीत मोजायच्या. ई, अर, सान, स. मी तव्यावरनं काढायचे आन् मोजायचे. त्यांची आकडे दाखवायची बोटं पण शिकलात, सहाला आंगठा आन् करंगळी, दहाला दोन बोटांची फुली. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करतात तसलंच हे, फक्त उपरणं काढलेलं. मी हसायचे. "आक्का, भाकरीला कुठं भाषा लागती? चीनचा असू न्हाईतर चिंचणीचा, भूक लागली की खातोय." तुम्ही म्हणायचात, "खायला लागत न्हाई गं सुमे. किंमत सांगायला लागती."

मला तवा ते कळलं न्हाई. आता कळतंय म्हणून तर चिडले.

आन् तो दिवस! दादा सोसायटीच्या मीटिंगला गेलेले, दुसरं कुणी न्हवतं म्हणून तास-दोन तास तुम्ही गल्ल्यावर. नवीन शिकलेलं कुठं वापरू आन् कुठं नको असं झालेलं तुम्हाला. अकरा जण जेवून आले, वांग साहेबांनी नोटा पुढं केल्या. आता आपल्यात कसं हाय, पाहुण्यानं पैसे काढले की पहिल्यांदा "राहू द्या हो" म्हणायचं. मग तो म्हणतो, "असं कसं, असं कसं," आन् मग आपण घ्यायचे. एवढं तान्ह्या पोराला कळतं. तुम्ही तेच केलंत, फक्त चिनीत. हात आडवा करून म्हणलात, "पू योंग, पू योंग." काही गरज न्हाई. वांग साहेबांनी एकदा तुमच्याकडं बघितलं, नोटा खिशात घातल्या, दोन्ही हात जोडून कमरेत वाकले, आन् अकराच्या अकरा जण "श्ये श्ये, श्ये श्ये" असे आभार मानत रस्ता ओलांडून गेले. तुमचा हात आडवाच्या आडवा. दुसऱ्यांदा म्हणायला कुणी थांबलंच न्हाई. मी पिठाच्या हातानं भिंत धरून एवढी हसले, एवढी हसले, की कारखान्यातली बिहारची पोरं जेवण टाकून बघायला आली. तुम्ही म्हणलात, "हस, हस. दादांना तूच सांग आता." मी कसली सांगतीय.

दुसऱ्या दिवशी लिन आली. म्हणली, वांग साहेब म्हणतात, चाचींनी आम्हाला जेवू घातलं, आता आम्ही तुम्हाला घालणार, रविवारी. "राहू द्या"चा हिशोब त्यांनी तसा लावला. गेलो आपण शिरूरच्या त्या हायवेवरच्या हॉटेलात, दोन्ही भाऊ, दोघी जावा आन् ती सगळी. जेवण झालं आन् बिलावरनं कुस्ती सुरू झाली. वांग साहेब दादांचा हात धरतात, दादा वांग साहेबांचा. "मी देतो, मी देतो!" तिकडनं चिनीत तेच. मला वाटलं व्हतं हे येड फक्त आपल्यातच हाय. तुम्ही "हात धुवून येते" म्हणून उठलात. परत आलात, पदर सारखा केलात, बसलात, आन् वांग साहेबांकडं बघून म्हणलात, "वो छिंग ख." आज माझ्याकडून. काउंटरवर जाऊन तुम्ही बिल भरून आला व्हता. अंडी विकून साठवलेल्या पैशातनं, आपल्या हातानं, जन्मात पहिल्यांदा. वांग साहेबांनी टेबलावर थाप मारली आन् हसायला लागले. लिन म्हणली, "मेरी माँ भी यही करती है, हाथ धोने के बहाने."

दादा हसले न्हाईत. घरी आल्यावर म्हणले, "चार माणसांत माझं नाक कापलंस. बाईनं बिल भरायचं? गड्याचं कमी पडलं व्हतं?" तुम्ही म्हणलात, "नाक हाय तिथंच हाय, आरशात बघा." मग मात्र त्यांनी आवाज चढवला. म्हणले, परत गल्ल्यापाशी दिसू नकोस. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आक्का. मला आठवतंय. तुम्ही बघितलंत, की सुमे, तू तरी काहीतरी बोल, माझी बाजू घे. आन् मी खाली मान घालून हॉटेलातनं आणलेली बडीशेप चघळत राहिले. भासऱ्यांपुढं कसं बोलायचं! ती बडीशेप अजून माझ्या दातात हाय.

पुढं आठ दिवस तुमचं आन् दादांचं बोलणं बंद. म्हंजी माझंही बंद, कारण माझं तुमच्यावरनंच जायचं. घरात माणसं हायेत आन् मीठ संपलंय हे सांगायला कुणी न्हाई. पण खानावळीत गंमत झाली. वांग साहेबांची माणसं जेवली की गल्ल्याकडं जाईनात. सरळ स्वैपाकघराच्या दारात यायची, रांगेत उभी राहायची आन् विचारायची, "तुओ शाव छ्येन?" तुम्ही पिठाचे हात पुसत आकडा सांगायचात. त्यांचं बघून बिहारची पोरं पण दारात. "चाची को ही देंगे." दादा पुढं रिकाम्या ड्रॉवरपाशी पेपर वाचत बसलेले. आठ दिवस टिकले. नवव्या दिवशी खुर्ची सरकवून म्हणले, "बस बाई, तूच बस," आन् सोसायटीच्या हापिसात जायला लागले.

तुम्ही बसलात. काय बसलात! डोईवर पदर, डोळ्याला चष्मा, हसून आकडा सांगायचात आन् सुट्टे परत करताना जेवण कसं झालं ते विचारायचात. आपली गिऱ्हाइकं पण सुधारली, टेबलावर हात आपटून बोलावणं बंद झालं. पण तेवढ्यावर तुमचं भागलं न्हाई. तुम्हाला मी पण तिथं पायजे व्हते. "सुमे, एक वेळ मी बसते, एक वेळ तू. दोघींनी दोन्ही करायचं." रोज. दोन वर्षं. आन् मी म्हणायचे, "मला न्हाई जमायचं ते चिनी-बिनी. मी मागंच बरी."

त्या गुरुवारची दुपार. गर्दी ओसरली व्हती. तुम्ही मागं वळून म्हणलात, "सुमे, पाठ भरून आलीया, तासभर तू बस. चारच ताटं राहिल्यात." मी कणीक मळत व्हते. हात धुवायला वेळ तो किती लागतो? मी म्हणलं, "त्यांनी काय विचारलं तर?" तुम्ही म्हणलात, "विचारलं तर सांग. दोन वर्षं कानावर पडतंय की." आन् मी म्हणलं, "तुमची हौस हाय, तुम्हीच बसा." हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. पाऊण तासानं खुर्ची पडल्याचा आवाज आला. शिरूरला नेईस्तवर संपलं व्हतं. डॉक्टर म्हणले, झटका मोठा व्हता, पलंगावर पडल्या असत्या तरी आला असता. डॉक्टर शिकलेले हायेत, खोटं कशाला बोलतील. पण ते माझी कणीक मळत न्हवते.

आता खरं सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं न्हाई. मला चिनीची भीती न्हवती. शंभरपर्यंतचे आकडे मला तुमच्या आधी पाठ झाले, चपात्या मी मोजायचे ना! मला भीती दादांची. गल्ल्यावर बसायचं म्हंजी संध्याकाळी दिवसभराचं दादांना सांगायचं, माझ्या तोंडानं. रस्त्यावरनं जाणारे पाव्हणे बघणार, की धाकटी पण बसली का? ते मला सोसायचं न्हाई, म्हणून मी चिनीचं निमित्त केलं. आन् तुम्ही खुळ्यासारखं मला धीर देत बसलात, की सोपं हाय गं, सोपं हाय.

आन् आक्का, मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावणार. यात तुमची पण चूक हाय. तेवीस वर्षं तुम्ही माझं बोलणं उचलून न्हेलंत. मी दोन शब्द म्हणले की तुम्ही त्याचे दहा करून पलीकडं ठेवायचात. जीप मिळाली, सणाला साडी मिळाली, पोरीला अकरावीला शिरूरला घालायची ती पण तुम्ही बोललात म्हणून. मला कशाची कमी पडू दिली न्हाईत, आन् त्यातच माझी जीभ आखडली. दारात उभ्या राहून मला पुढं का ढकललं न्हाईत एकदा तरी? का म्हणला न्हाईत, जा, तुझं तू सांग? तुमच्याकडं उत्तर असणार, मला माहीत हाय. तुम्ही म्हणणार, "तेच तर दोन वर्षं सांगत व्हते." आता कसं भांडू मी तुमच्याशी? कुणाशी भांडू?

एवढं मोठं मन करून तुम्ही मला सांभाळलंत, सख्खी बहीण सांभाळायची न्हाई असं, आन् मी तासभर खुर्ची सांभाळली न्हाई. हे मी कुणाजवळ बोलले न्हाई. रडले पण न्हाई. बायका म्हणतात, सुमन दगडाची हाय. असू दे.

सुतकात खानावळ बंद. तुमच्या साड्या वाटल्या. वही निघाली तवा दादा म्हणले, भिंतीकडं बघून म्हणले कारण मी तिथं व्हते, "ती पण सोडा पाण्यात." मी ती उचलली आन् पोटाशी धरली. भिंत काय बोलली न्हाई, दादा पण बोलले न्हाईत. मग मी ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ती वही घेऊन बसले. आलेली माणसं बघायची, ही पोथी वाचतीय काय? मी मोठ्यानं म्हणायचे, "चाव छ्येन." पाव्हणे हात जोडायचे. तिसऱ्या दिवशी लिन आली. माझ्याशेजारी बसून राहिली आन् माझं चुकलं की नीट म्हणून दाखवत राहिली. जाताना म्हणली, "चाची से अच्छा बोलती हो." खोटं बोलली असंल. पण मला गोड लागलं.

बाराव्याला दादांनी आमच्या ह्यांना सांगितलं, मी आतनं ऐकलं. चौदाव्या दिवशी खानावळ उघडायची. काष्टीचा एक माणूस हाय, हॉटेलात काम केलेला, त्याला गल्ल्यावर बसवू. चिनी आता चारच राहिल्यात, त्यांना कॅल्क्युलेटर हाय. आमचे हे म्हणले, "बरं." त्या माणसाला देवानं एकच शब्द दिलाय. बरं!

चौदाव्या दिवशी मी सकाळी सगळा स्वैपाक उरकला. शेजारच्या दोघीजणी वाढायला लावल्या, त्यांची मजुरी मी ठरवली, कुणाला विचारलं न्हाई. हात धुतले. खांद्यावरचं पीठ-बीठ झटकलं. पुढं गेले आन् तुमच्या खुर्चीत बसले. पाय टेबलाखाली एकमेकांत अडकवून ठेवले.

साडेबाराला वांग साहेब आले, तिघांना घेऊन. त्यांनी गल्ल्याकडं बघितलं, मान हलवली आन् जेवायला बसले. ते बिलाला उठायला आन् दादा दारात यायला एकच गाठ पडली. दादांच्या मागं तो काष्टीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आमचे हे पण व्हते, भाजीचा क्रेट उचलून.

दादांनी मला बघितलं आन् लगेच नजर पत्र्याकडं वळवली. पत्र्याला म्हणले, "कुणीतरी सांगा तिला. आत जा म्हणावं."

दादा इकडं बघतात, तिकडं बघतात. वाढणाऱ्या बायका आत पळाल्या. आमचे हे आपल्या चपलांकडं बघत उभे. बिहारच्या पोरांचे घास हातात. कुणी सांगंना. तवा दादांच्या तोंडाकडं बघून मला कळलं, आक्का, ते तुम्हाला हुडकत व्हते. सवयीनं. घरातलं एक वाक्य पलीकडं पोचवायला ते तुम्हाला हुडकत व्हते, आन् मग त्यांना आठवलं.

मी उभी राहिले न्हाई. पदर पुढं ओढला न्हाई. बसल्या जागेवरनं म्हणले.

"दादा, सांगायला आता कुणी राहिलं न्हाई. मलाच सांगा. मी इथंच बसणार हाय. ह्या काष्टीच्या पाव्हण्यांना जेवायला घाला आन् वाटंला लावा." दादांची मान गर्रकन माझ्याकडं वळली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांचे डोळे लाल व्हते, ते रागानं का कशानं मला न्हाई माहीत. मला वाटलं आता हाकलतील. आन् मग माझ्या तोंडातनं ते बाहेर आलं, जे मी कुणाजवळच बोलले न्हवते.

"त्या दुपारी आक्का मला म्हणल्या व्हत्या, पाठ दुखतीय, तू बस. मी बसले न्हाई, दादा. आता मला उठवू नका."

वांग साहेब हातात नोट धरून उभे, त्यांना काय कळलं असंल कुणास ठाऊक, पण ते हलले न्हाईत. मग दादांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं, सगळं, कपाळापासनं हनुवटीपर्यंत. काष्टीच्या माणसाला हातानं टेबल दाखवलं. आन् माझ्याकडं, माझ्याकडंच बघून, म्हणले, "पंखा लाव. उकडतंय तिथं."

मी म्हणलं, "लावते. आधी गिऱ्हाइकाचं बघू द्या."